रेकॉर्ड करेक्शनची शास्त्रोक्त पद्धत

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

डोकं फिरलंय. म्हणून ही डायरी.

तशी ही कॉलेजनं दिलेली वर्क डायरी. रोज कुठल्या क्लासला काय शिकवलं ते यात लिहायचं आणि एच.ओ.डी.ची सही घ्यायची असा नियम आहे. आमचे एच.ओ.डी. नरसिंहमूर्ती सर मार्चमध्ये सगळ्यांच्या डायऱ्यांवर एकदम सही करतात, पान न उघडता. मग जुलैपासून कोरी ठेवलेली इतकी चांगली जाड पानं वाया का घालवायची? यात मी खरं ते लिहिणार. वाचणार कोण आहे!

आज स्टाफ मीटिंग. प्रिन्सिपॉलनी सगळ्यांसमोर चिदंबरची स्तुती केली. चिदंबरची! काल आलेलं पोर, अजून फिजिक्स लॅबचे स्विच कुठे आहेत ते माहीत नाही. स्तुती कशाबद्दल, तर त्याची रेकॉर्डं वेळेवर तपासून होतात. रेकॉर्ड म्हणजे बी.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकलची वही. ती तपासून सर्टिफाय झाली नाही तर पोराला प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, इतकी मोलाची वस्तू. आणि हा गृहस्थ काय करतो? प्रयोग संपला की पोराला तिथेच टेबलाशी उभं करतो, वही उघडतो, एक-दोन प्रश्न विचारतो, हिरव्या पेननं सही ठोकतो, वही परत. याला तपासणं म्हणतात? रेशनच्या रांगेत कार्डावर खूण करतात त्यातला प्रकार!

मला राहवलं नाही. उठून सांगितलं की करेक्शनची एक शास्त्रोक्त पद्धत असते आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी त्यावर सगळ्या स्टाफला व्याख्यान देतो. प्रिन्सिपॉल म्हणाले, द्या की बी.एम. सर, आणि सॅम्पल म्हणून तुमचीच यंदाची रेकॉर्डं आणा. आणीन! घाबरतो की काय? नरसिंहमूर्ती सर ऑक्टोबरअखेर रिटायर होतायत. ती खुर्ची सीनियॉरिटीनं माझीच. तरी व्याख्यान झालेलं बरं. उगाच कुणाच्या मनात शंका नको.

२६ सप्टेंबर

माझ्या दोन्ही सेक्शनची रेकॉर्डं ऑटोतून घरी आणली. कॉलेजात काम होत नाही, नुसता गोंगाट. ऑटोवाला जयलक्ष्मीपुरमपर्यंत कुरकुरत होता की हे पॅसेंजर आहे का लगेज. त्याला फिजिक्समधलं वजन आणि वस्तुमान यातला फरक समजावून सांगितला. त्यानं घराच्या अलीकडच्या वळणावरच उतरवलं. उर्मट माणूस. गठ्ठे मी एकट्यानं उचलून आणले. पाठ गेली.

हॉलमध्ये खिडकीखाली रचून ठेवली. सगळी एका मापाची, जाड पुठ्ठ्याची, ब्राउन पेपर घातलेली. बघूनच समाधान वाटलं. बायकोनं, वेदवतीनं, विचारलं, हे किती दिवस इथे? मी म्हटलं, चार दिवस. तिनं कॅलेंडरकडे बघितलं. तिचं हे कॅलेंडरकडे बघणं मला अजिबात आवडत नाही.

उद्यापासून सुरुवात. पहाटे, ताज्या डोक्यानं.

२७ सप्टेंबर

पहाटे जाग आली होती. पण पाठ.

२९ सप्टेंबर

लाल पेनं आणली. पहिल्या दुकानातली नुसतीच ओरखडे काढत होती, परत नेऊन दिली, भांडलो. दुसरीकडून आणली. हे एवढं झाल्यावर आज करेक्शनला बसण्यात अर्थ नव्हता. रागाच्या भरात मार्क देणं अन्यायाचं. त्यापेक्षा व्याख्यानाची पहिली स्लाइड केली. 'कार्यक्षमता म्हणजे घाई नव्हे.' मोठ्या अक्षरात. चिदंबरला पुढच्या बाकावर बसवायचं.

१ ऑक्टोबर

आज बसलो! रोल नंबर एकचं रेकॉर्ड घेतलं. बार पेंड्युलमचा प्रयोग, म्हणजे सळई झुलवून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. उत्तर बरोब्बर नऊ पॉइंट आठ. मी ओळखून आहे! आधी पुस्तकातलं उत्तर लिहायचं आणि मग खालून वर रीडिंग्ज बनवायची. सगळी गणितं मी पुन्हा केली, ग्राफ पुन्हा काढला, मार्जिनमध्ये रिमार्क लिहिले. मार्जिन संपलं, मग मागच्या पानावर लिहिलं. विज्ञानातला प्रामाणिकपणा या विषयावर सविस्तर लिहिलं. सकाळ गेली, जेवण गार झालं. पण एक रेकॉर्ड असं तपासून झालं आहे की युनिव्हर्सिटीनं काचेच्या कपाटात ठेवावं.

मग सहज पुढची आठ-दहा चाळली. सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ! तळपायाची आग मस्तकात गेली. एक, फक्त एक मूल असं दाखवा की ज्यानं खरंच ती सळई झुलवून जे दिसलं ते लिहिलंय. त्याला मी उभं राहून नमस्कार करीन.

२ ऑक्टोबर

मार्क द्यायचा तक्ता सुधारला. आता प्रत्येक प्रयोगाला कॉलम वाढले आहेत. त्यामुळे कालचं एक रेकॉर्ड पुन्हा तपासावं लागेल. हरकत नाही. पाया भक्कम हवा.

४ ऑक्टोबर

कॉरिडॉरमध्ये वरलक्ष्मी म्हणून एक मुलगी आडवी आली. सरगूरहून बसनं येते, बस चुकेल म्हणून लॅबमधून कायम सगळ्यांच्या आधी पळते, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. म्हणाली, सर, रेकॉर्ड परत मिळेल का, परीक्षेचा अभ्यास त्यातूनच करायचा आहे. चिदंबर सरांच्या सेक्शनला परत मिळाली.

चिदंबर सर! बास, तिथेच मी भडकलो. म्हटलं, तुझं रेकॉर्ड मी बघितल्याचं मला आठवत नाही, दिलंयस तरी का? म्हणाली, सर, सगळ्यात आधी मीच दिलं. मी म्हटलं, मग सगळ्यात खाली असेल, वाट बघ. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही. तिला तसं सुनावलंसुद्धा. ती सॉरी सर म्हणाली आणि बससाठी पळाली.

८ ऑक्टोबर

सुट्टी लागली. आता बघाच माझा स्पीड. उद्यापासून.

९ ऑक्टोबर, दुपार

हद्द झाली! हद्द झाली!!

केस कापून घरी येतो तो खिडकीखाली रेकॉर्डं नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात दसऱ्याच्या गोंबेसाठी, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडतात त्यासाठी, पायऱ्या तयार. वर पांढरीशुभ्र चादर. चादर उचलून बघतो, तर पायऱ्या कशाच्या? माझ्या रेकॉर्डांच्या! बी.एस्सी. तिसऱ्या सेमिस्टरचं अख्खं फिजिक्स विटांसारखं रचलेलं.

ओरडलो. वेदवती म्हणाली, अय्यो, सुम्ने, उगाच का ओरडता? दरवर्षीच्या फळ्यांना वाळवी लागली, मी तुम्हाला काल विचारलं, ही वह्यांची रास वापरू का, तुम्ही हो हो म्हणालात. मी म्हणालो असेन. मी तेव्हा स्लाइड करत होतो. स्लाइड करताना माणसाला विचारलेलं विचारलं म्हणत नाहीत! हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग आता काढा, आणि उद्या सकाळच्या आत नव्या फळ्या करून आणा. सुट्टीत सुतार कुठे मिळतो? या बाईला मुद्दे कुठून सुचतात कोण जाणे.

असो. आज रात्रीपुरतं राहू दे. उद्या बाहुल्या मांडायच्या आत निम्मी काढून घेईन.

१० ऑक्टोबर

उठलो तेव्हा मांडून झालं होतं. सगळ्यात वर पट्टद गोंबे, वेदवतीच्या माहेरून लग्नात आलेली लाकडी राजा-राणीची जोडी. ती एकदा बसली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. तिच्या आईनं नाही हलवली, आजीनं नाही हलवली. आणि मी? मी बसून बघतोय!

पण विज्ञानाच्या माणसाला बाहुल्या अडवू शकत नाहीत. मागच्या बाजूनं, भिंतीकडून, एकेक रेकॉर्ड अलगद ओढायचं, तपासायचं, परत सरकवायचं. जडत्वाचा साधा नियम. चादर झटकन ओढली तर वरचं भांडं जागेवर राहतं, हे मी दरवर्षी क्लासमध्ये सांगतो.

दुपारी

भांडं राहतं. भाजीवाली राहत नाही. मातीची बाहुली होती, टोपलीसकट फुटली. वेदवतीनं झाडू आणला. तुकडे गोळा केले, तिच्या जागी लाकडी हत्ती ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दसऱ्यापर्यंत रेकॉर्डांना हात न लावण्याचा निर्णय मी स्वतःहून घेतला आहे.

१२ ऑक्टोबर

कॉलेजचा मेसेज. इंटर्नल मार्क सतरा तारखेच्या आत पोर्टलवर भरायचे, नंतर पोर्टल बंद. सुट्टीत! माणसाला सणसुद्धा करू द्यायचा नाही यांना. चिदंबरनं ग्रुपवर लगेच लिहिलं, माझे भरून झाले सर. वर हसरा चेहरा. मी फोन सोफ्यावर आपटला. सोफ्यावरच, कारण फोन नवा आहे.

१३ ऑक्टोबर

संध्याकाळी गोंबे बघायला माझ्या क्लासच्या मुली आल्या. वेदवतीनं बोलावलेल्या. म्हैसुरात घरोघरी पोरीबाळी येणारच, त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांच्यात ती वरलक्ष्मीही होती, मैत्रिणीकडे राहायला आली होती म्हणे.

बाकीच्या मुली राजा-राणी बघतायत, दरबार बघतायत, कौतुक करतायत. ही बघत होती सगळ्यात खालची पायरी! चादर एका कोपऱ्यात जरा वर गेली होती, तिथे खाली वाकून टक लावून. मग वेदवतीला हळूच काही विचारलं. वेदवती तिला म्हणाली, आता नाही गं, दसऱ्यापर्यंत हलवता येत नाही. ती बरं म्हणाली, खायला दिलेलं कोडबळं घेतलं आणि माझ्याकडे एकदा बघून गेली. कलेची दृष्टी शून्य. या मुलांना सणवारातलं काही कळत नाही.

१४ ऑक्टोबर

चिदंबर जोडीनं आला. बोलावलं कुणी? वेदवतीनंच. त्यानं उसळ दोनदा घेतली, मग पायऱ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, सर, पायऱ्या फार भक्कम झाल्यात यंदा. म्हणजे काय? काय म्हणायचं काय होतं त्याला? तेव्हापासून विचार करतोय. जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर

आज सरस्वतीपूजा. वेदवतीनं पायऱ्यांना हळद-कुंकू लावलं. म्हणाली, आता एकदा पूजेला लागली की दसऱ्यापर्यंत पुस्तक-वही वाचायची नाही, लिहायची नाही. माझी लाल पेनंसुद्धा तिथेच नेऊन ठेवली. मी भयंकर चिडलो. काम करायला पूर्ण तयार असलेल्या माणसाचे हात बांधणं याला काय म्हणावं? इतका चिडलो की दुपारी चांगली झोप लागली.

(ही डायरी पूजेला ठेवलेली नाही. हिच्यात विद्या नाही, नुसता संताप आहे.)

१६ ऑक्टोबर

उपाय सापडला!! खरं म्हणजे माझ्यासारख्याला आधीच सुचायला हवा होता.

रेकॉर्ड का बघायचं? विद्यार्थी कसा आहे ते कळावं म्हणून. विद्यार्थी कसा आहे ते मला आधीच माहीत आहे! मग रेकॉर्ड मध्ये कशाला? इतकी वर्षं उभा राहून शिकवलं ते काय गवत उपटत होतो? नावांची यादी घेतली, डोळे मिटले, प्रत्येकाचा चेहरा आठवला, मार्क दिले. चहा गार व्हायच्या आत दोन्ही सेक्शन संपले. चिदंबरला पोराला समोर उभं करावं लागतं. मला तेही नाही.

वरलक्ष्मीपाशी अडलो. चेहरा आठवेना, पाठ आठवते, बसकडे पळणारी. तिचं रेकॉर्ड पाहिल्याचंही आठवत नाही. आणि जे दिलंच नाही त्याला मार्क देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. लिहिलं, 'नॉट सबमिटेड'. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

१७ ऑक्टोबर

भरले. पोर्टल बंद व्हायच्या आत! व्याख्यानात नवी स्लाइड टाकली: 'अनुभव हेच सर्वोत्तम उपकरण.' आज कितीतरी दिवसांनी कुणाचा राग आला नाही. फक्त शेजारच्यांचा, ते लाउडस्पीकर लावतात.

१९ ऑक्टोबर, विजयादशमी

सगळं गाव जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघायला. मी घरी, व्याख्यानाची रिहर्सल. वेदवती म्हणाली, जरा हळू, बाहुल्यांना आज झोपवायचंय. संध्याकाळी तिनं राजा-राणीला आडवं केलं. माणसांना या घरात इतक्या मायेनं कुणी झोपवत नाही.

२० ऑक्टोबर

पायऱ्या मोडल्या. रेकॉर्डं बाहेर आली, कुंकवाच्या बोटांसकट.

सगळ्यात खालचं, अगदी कोपऱ्यातलं: वरलक्ष्मी.

आधी संताप आला. तिचा! त्या दिवशी समोर वाकून बघत होती, तेव्हा स्पष्ट सांगायला काय झालं होतं? सर, हे माझं रेकॉर्ड, एवढं म्हणायला जीभ झिजते? वेदवतीला विचारलं, तुला ती काय म्हणाली होती? वेदवती म्हणाली, हेच म्हणाली होती. माझं रेकॉर्ड आहे काकू, घेऊ का. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच डोळ्यांसमोर. तुम्हाला काय सांगायचं?

उघडून बघितलं. बार पेंड्युलम. उत्तर नऊ पॉइंट चार. पुन्हा केलेलं, पुन्हा नऊ पॉइंट चार. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: सळई ज्या कडेवर झुलते ती कड झिजली आहे, म्हणून चूक येत असावी, सरांनी कृपया बघावे.

सरांनी कृपया बघावे. लॅब इनचार्ज मीच आहे.

चूक सुधारायला पोर्टलवर गेलो. बंद. ज्यानं ती वेबसाइट बनवली त्याला शिव्या दिल्या. अजून देतोय, पण पूर्वीसारखं बरं वाटत नाही.

२२ ऑक्टोबर

व्याख्यान झालं. ते असं.

कार्यक्षमता म्हणजे घाई नव्हे, इथपर्यंत उत्तम चाललं होतं. मग प्रिन्सिपॉल म्हणाले, सॅम्पल बघू. मी रोल नंबर एकचं पुढे केलं. त्यांनी बरंच वाचलं. म्हणाले, सुंदर, आता दुसरं बघू. मी म्हटलं, पद्धत कळायला एक पुरे. ते म्हणाले, तरी. नाइलाज झाला. त्यांनी मधलंच एक ओढून उघडलं. आत पेनाची एक रेघ नाही. मग पुठ्ठा न्याहाळून विचारलं, सर, हे लाल काय आहे? मागून कुणीतरी म्हणालं, कुंकू. सगळी खोली हसली. चिदंबर हसला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

बाहेर आलो तर वरलक्ष्मी उभी. चेहरा आज नीट बघितला. तिचं रेकॉर्ड पिशवीत होतं, ते काढणार एवढ्यात तिनंच आपल्या हातातली वही दाखवली. नवी करकरीत. पोर्टलवर 'नॉट सबमिटेड' दिसल्यावर हिनं सुट्टी संपायच्या आत सगळं रेकॉर्ड पहिल्यापासून पुन्हा लिहून काढलं. रीडिंग्ज रफ वहीत होती म्हणे. सकाळी चिदंबरकडे घेऊन गेली, त्यानं टेबलाशी उभं करून बघितलं, हिरवी सही केली आणि प्रिन्सिपॉलकडून पोर्टल उघडून मार्क भरले. परीक्षेला बसता येणार.

मी तिला सांगितलं की मी रागावलोय. इतकं लिहायचं कशाला, मला विचारायचं नाही? ती म्हणाली, सर, विचारलं होतं. आणि मग, माझीच समजूत काढावी तसं म्हणाली, दुसऱ्यांदा लिहायला सोपं जातं सर.

मी पिशवीत हात घातला. बस चुकेल म्हणून ती गेली. जुनं रेकॉर्ड माझ्या पिशवीतच राहिलं.

३१ ऑक्टोबर

नरसिंहमूर्ती सरांना निरोप. हार, शाल, फोटो. नवीन एच.ओ.डी. चिदंबर. सीनियॉरिटी म्हणे आता बघत नाहीत. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर थांबलो, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. घरी येऊन मात्र वेदवतीसमोर बडबड बडबड बडबडलो. तिनं ऐकून घेतलं. जेवायला वाढताना म्हणाली, साकू, म्हणजे पुरे आता, भात निवतोय. राग संपला नव्हता, तरी जेवलो.

२ नोव्हेंबर

सर्क्युलर आलं. सही एच.ओ.डी. चिदंबर, हिरव्या शाईत. सगळ्या स्टाफनं आपापल्या वर्क डायऱ्या जुलैपासून पूर्ण भरून सोमवारी तपासणीसाठी आणाव्यात. पान अन् पान बघितलं जाईल.

वर्क डायरी. म्हणजे ही!

स्टेशनरीच्या खोलीतून नवी मागून आणली. नागराज अटेंडरनं विचारलं, जुनी हरवली का सर? मी म्हटलं, पूजेला लागली. दुपारपासून टेबलावर बसलोय, पहिलं पान उघडून. जुलै. काय शिकवलं होतं जुलैत? कुठल्या दिवशी कुठला प्रयोग? काही म्हणजे काही आठवत नाही. इतक्या वर्षांचा अनुभव आणि डोळे मिटल्यावर नुसता अंधार. यादी घेतली, चेहरे आठवले, तारखा येत नाहीत.

शेवटी पिशवीतून वरलक्ष्मीचं जुनं रेकॉर्ड काढलं. प्रत्येक प्रयोगावर तारीख आहे. मी काय सांगितलं, फळ्यावर काय काढलं, तेसुद्धा शेजारी टिपलेलं. वाचतोय आणि उतरवतोय. कुंकू बोटांना लागतंय. वेदवतीनं चहा ठेवला आणि विचारलं, दुसऱ्यांदा लिहिताय, सोपं जातंय का? ते वाक्य तिला मीच सांगितलं होतं. मी पहिल्यांदाच लिहितोय.

चिदंबरला फोन केला होता, एवढी जाड डायरी आहे, तुमच्याकडे ठेवून जातो, सावकाश बघा. अतिशय नम्रपणे म्हणाला, ठेवून कशाला घेऊ सर? सोमवारी लॅबमध्ये या, टेबलाशी उभे राहा, तुमच्यासमोरच बघून लगेच परत देतो.